रोग जनावराचा, प्रश्न मालकाच्या मानाचा

गुरांच्या कानात मारायच्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी नंबर असतो. पक्कडीसारखं एक यंत्र असतं. त्यात बिल्ल्याचे दोन भाग अडकवायचे, कानातली शीर चुकवून मधोमध धरायचं आणि कचकन दाबायचं. जनावर एकदा मान झटकतं, की झालं. संकरित गाईंच्या गोठ्यात हे काम भराभर उरकतं. आटपाडी, जत, सांगोला, मंगळवेढा या पट्ट्यात एखाद्या खिल्लार खोंडाच्या दावणीपाशी आलं की मात्र घोडं अडतं. बोलणं साधारण असं होतं:

"तात्या, दोन मिनिटांचं काम आहे."

"त्या जर्सीला मारा की काय मारायचं ते. ह्याच्या कानाला हात लावायचा नाही."

"अहो, बिल्ल्याशिवाय लसीची नोंद होत नाही."

"मग नका करू नोंद. खरसुंडीच्या जत्रंत ह्याच्या कानाकडं बघणारी माणसं येत्यात डॉक्टर, तुमच्या नोंदीकडं नाही."

तात्यांना अडाणी म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. लाळ्या-खुरकूत म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक असतं. तोंडाला फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा, दूध आटणं, आणि बरं झाल्यावरही उन्हात धापा टाकणारी गाय हे सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. लस फुकट आहे हेही माहीत असतं. एकाच गोठ्यातल्या दोन जनावरांना ते दोन न्याय लावतात, कारण त्या दोन जनावरांशी त्यांची नाती दोन आहेत. जर्सी घर चालवते. खोंड म्हणजे पंचक्रोशीत तात्यांची ओळख. त्या कानाला पडणारं भोक जनावराला जेवढं दुखतं, त्याहून जास्त मालकाला लागतं.

जनावरांच्या साथी आटोक्यात आणण्याच्या योजना बहुतेक दोन गोष्टींवर उभ्या असतात. शेतकऱ्याला माहिती द्या आणि त्याचं नुकसान होणार नाही असं बघा, म्हणजे तो सहकार्य करील. दोन्ही गोष्टी लागतातच. पण डॉक्टर दारात उभा असताना मालकाच्या मनात तिसराही एक हिशेब चालू असतो, तो बोलून दाखवला जात नाही: हे केल्यावर चार लोकांत मी कोण ठरतो? चांगला शेतकरी, की ज्याच्या गोठ्यात रोग निघाला तो?

रस्त्यावरून दिसणारी शेती

ग्रामीण समाजाचा अभ्यास करणाऱ्यांनी या हिशेबावर बरंच काम केलंय. रॉब बर्टन या अभ्यासकाने २००४ मध्ये ब्रिटनमधल्या शेतकऱ्यांबद्दल एक मुद्दा मांडला होता, तो आजही वारंवार उद्धृत होतो. सरकार पैसे देतं, तरी शेतकरी बांधावर झाडंझुडपं वाढू द्यायला नाखूश का असतात, असा प्रश्न होता. उत्तर असं की शेतकऱ्याचं कसब शेजाऱ्याला रस्त्यावरून दिसतं. सरळ ओळी, तणविरहित रान, तुकतुकीत जनावर. शेजारी जाता-जाता नजर टाकतो आणि मनात गुण देतो. अनुदानाचा चेक बँकेत जातो, पण रानात माजलेलं गवत सगळ्या गावाला दिसतं.

हे समजायला आपल्याला इंग्लंडला जायची गरजच नाही. पोळ्याच्या संध्याकाळी वेशीत बैल उभे राहतात तेव्हा हेच चालू असतं. झूल, बेगड, शिंगांना रंग, गोंडे हे सगळं वरवरचं. जाणता माणूस खांदा बघतो, वशिंड बघतो, बरगड्या दिसतात का ते बघतो, आणि त्यावरून मालकाने वर्षभर काय केलं ते ओळखतो. तिथे बैलासोबत मालकही उभा असतो, म्हणा ना.

फरक एवढाच की आपल्याकडे "चांगला शेतकरी" एका साच्याचा नाही. संगमनेर-बारामतीकडे मुक्त संचार गोठा केलेला तरुण स्वतःला उद्योजक समजतो. त्याच्या मोबाइलवर प्रत्येक गाईची वेत, रेतनाची तारीख, लसीची तारीख असते आणि गोठा बघायला आलेल्यांना तो ती कौतुकाने दाखवतो. त्याला बिल्ल्याचं वावडं नाही, उलट बिल्ला त्याच्या शिस्तीची खूण आहे. कोल्हापूरचा गवळी दिवाळीत शिंगं रंगवलेल्या म्हशी रस्त्यातून पळवतो. धार देताना त्याची म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी असते, त्यामुळे म्हशीची तब्येत हीच त्याची जाहिरात. खिल्लारवाल्याची शान जातिवंतपणात. मेंढपाळाची शान याच्यात की महिनोन्‌महिने परमुलखात हिंडूनही कळप पुरा परत आणला. एकच लस या चौघांच्या दारात जाते तेव्हा ती चार वेगळ्या गोष्टी सांगत असते.

दूधवाल्याचं उदाहरण घ्या. लाळ्या-खुरकूतची लस वर्षातून दोनदा टोचायची असते. टोचल्यावर एखाद-दोन दिवस काही जनावरं दूध कमी देतात, टोचलेल्या जागी गाठ येते. नुकसान तसं किरकोळ. पण सकाळी संकलन केंद्रावर सगळ्यांसमोर काट्यावर दूध पडतं आणि मागचा विचारतो, "काय रे, आज तीन लिटर कमी?" लिटर हाच जिथे माणसाचा मोठेपणा, तिथे ते तीन लिटर रुपयांत मोजून भागत नाही. गाभण जनावराला टोचून घ्यायला तर लोक आणखी कचरतात. चुकून पुढे गाय गाभडली तर दोष लसीवर जाईल, आणि टोचून घेणाऱ्यावरही.

लम्पी: सगळ्यांना दिसलेला रोग

लम्पी चर्मरोग भारतात पहिल्यांदा २०१९ मध्ये ओडिशात आढळला. महाराष्ट्रातली मोठी साथ २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातून सुरू झाली. देवीच्या विषाणूच्या कुळातला हा विषाणू डास, चावऱ्या माश्या, गोचिडांमार्फत पसरतो. अंगभर गाठी, ताप, पायांना सूज. माणसाला तो होत नाही, तरी दुधाबद्दल अफवा उठायच्या त्या उठल्याच.

सप्टेंबरमध्ये सरकारने २००९ च्या प्राण्यांमधील रोगनियंत्रणाच्या केंद्रीय कायद्याखाली अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. गुरांचे बाजार, प्रदर्शनं, जत्रा, शर्यती बंद. जनावरांची ने-आण बंद. शेळ्यांच्या देवीवरची लस गाईंना टोचायची असं ठरलं. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात गोवंश सुमारे १ कोटी ४० लाख, आणि काही महिन्यांत त्यातल्या बहुतेकांना लस टोचली गेली. दगावलेल्या जनावरामागे गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत ठरली.

सरकारी लसीकरणात एवढी रीघ एरवी दिसत नाही. भीती तर होतीच, मदतही होती. पण माझ्या मते आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. लम्पीत मालकाची अब्रू जात नव्हती. रोग माशीने आणला. माशी पाटलाच्या गोठ्यातही बसते आणि भूमिहीनाच्या एकुलत्या एका गाईवरही. गाय दगावली तर डॉक्टरला बोलवायचं, पंचनामा करायचा, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. "माझी गाय लम्पीने गेली" हे वाक्य कुणालाही मान खाली न घालता बोलता येत होतं.

सहज जमलं नाही ते विलगीकरण. आजारी जनावर वेगळं बांधा, हे सांगायला सोपं. पण गोठा एकच आणि घराला लागून. बैलजोडीतला एक आजारी पडला की दुसऱ्याला लांब बांधायचं, म्हणजे जोडी फोडायची. दावणीचं आजारी जनावर रानातल्या झाडाखाली एकटं बांधून यायचं, याला आपल्याकडे टाकून देणं म्हणतात. पशुपालकाच्या लेखी आजारी जनावराची सेवा करायची असते: गोठ्यातच बसून, कडुलिंबाचा धूर करून, भाकरी भरवून. पत्रकात लिहिलेलं "विलगीकरण" आणि त्याच्या मनातली "सेवा" यांचं जमत नव्हतं. आजारी जनावर वेगळं बांधणं हीच बाकीच्या दावणीची सेवा आहे, असं कुणी सांगितलं असतं तर थोडा फरक पडला असता. सांगितलं गेलं ते कलमांच्या भाषेत.

आणि शर्यतीवाले. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, ती सात वर्षांहून जास्त काळच्या झगड्यानंतर. वर्ष उलटायच्या आत लम्पीने पुन्हा कुलूप लावलं. ज्यांनी नुसत्या आशेवर इतकी वर्षं बैल सांभाळले, त्यांना हा निर्णय रोगाचा वाटलाच नाही. त्यांना तो आपल्यावरच्या जुन्या रागाचा पुढचा अंक वाटला. २०२३ च्या पोळ्याला अनेक ठिकाणी प्रशासनाने बैल घरीच पुजा असं सांगितलं, तेव्हाही काही ठिकाणी हीच कुजबुज होती. नियम शास्त्राला धरून होता. जनावरं एकत्र आली तर रोग पसरणारच. पण नियम ज्याच्यावर पडतो तो त्यात आपल्याबद्दलचं मत वाचतो.

गाभडलेली गाय आणि उघडा हात

लम्पी अंगावर दिसतो. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, दिसत नाही, आणि मानाचा खेळ खरा तिथे चालतो. त्यामुळे इथे जरा थांबू.

ब्रुसेला नावाच्या जिवाणूमुळे गाय किंवा म्हैस गाभणकाळाच्या शेवटच्या टप्प्यात, साधारण सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभडते. वार, म्हणजे गर्भाची जाळी, आतच अडकते. पुढच्या वेताला हीच गाय बहुधा व्यवस्थित विते, दूधही देते, मालकाला वाटतं सुटलो. पण जिवाणू तिच्या शरीरात ठाण मांडून असतो आणि दुधातून, विताना पडणाऱ्या पाण्यातून, वारीतून बाहेर पडत राहतो. जनावरात यावर खात्रीचा इलाज नाही. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीला आयुष्यात एकदा लस द्यायची, हाच भरवशाचा मार्ग. सप्टेंबर २०१९ मध्ये मथुरेत सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकूतबरोबर हा रोगही घेतला आहे, दोन्हींसाठी मिळून पाच वर्षांना १३,३४३ कोटी रुपये.

आता गोठ्यात काय होतं ते बघा. गाय रात्री गाभडली. सकाळपर्यंत वार पडलेली नाही. प्रत्येक गावात अशा वेळी बोलवायचा एक जाणता माणूस असतो. तो येतो, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत चढवतो, हाताला गोडेतेल लावतो आणि कोपराच्या वर हात आत घालून, डोळे मिटून, बोटांनी एकेक गाठ सोडवत वार काढतो. ते बघणाऱ्याला कौतुक वाटावं असंच असतं. मग हौदावर साबणाने हात धुऊन तो ओट्यावर चहा घेतो. पैसे बहुधा घेत नाही. मान घेतो. (आजचे पशुवैद्यक वार अशी ओढून काढू नये म्हणतात, गर्भाशयाला इजा होते. पण ते वेगळं प्रकरण.) काढलेली वार उकिरड्यावर जाते, तिथून कुत्री ती ओढत दुसऱ्याच्या परड्यात नेतात.

त्या हातावर कुठे खरचटलेलं असेल तर जिवाणू तिथूनही शिरतो. काही आठवड्यांनी ताप येतो, जातो, परत येतो. रात्री दरदरून घाम, सांधे धरतात, कंबर धरते. टायफॉइड म्हणून औषध होतं, मलेरिया म्हणून होतं. ब्रुसेलोसिसचा उपचार म्हणजे ठरावीक दोन प्रतिजैविकं एकत्र, सहा आठवडे. पण त्यासाठी डॉक्टरने "तुमच्याकडे गाय गाभडली होती का?" एवढं विचारायला हवं.

हातमोजे का घालत नाहीत? महाग नाहीत. मिळतातही. पण ज्या माणसाची ओळखच त्याचा हात आहे, त्याला मोजा घालायला सांगणं म्हणजे त्याच्या कसबावर कापड टाकणं. बोटांना जाणवतं ते मोज्यातून जाणवत नाही, हे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. त्यात दुसरीही एक छटा आहे. दारची गाय लक्ष्मी. तिला हातमोजे घालून शिवायचं म्हणजे तिची किळस येते असं दिसतं. किळस येणारा माणूस गोठ्याचा नव्हे, अशी आपली समजूत.

मग येतो तपासणीचा प्रश्न. रक्त तपासलं आणि गाय बाधित निघाली, तर पुढे काय? अनेक देशांत उत्तर सरळ आहे: जनावर मारायचं, मालकाला भरपाई द्यायची. आपल्याकडे ते होऊ शकत नाही. गाय तर सोडाच, २०१५ पासून महाराष्ट्रात वळू आणि बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हणजे निदान झालं तरी इलाज नाही, भरपाई नाही, जनावर काढताही येत नाही. मालकाच्या पदरात फक्त एक माहिती पडते आणि ती बाहेर फुटली तर त्याचं दूध, त्याची कालवड, त्याचं नाव सगळ्यावरच प्रश्न. शिवाय गाभडणं हा आपल्याकडे नुसता आजार नसतो. गाईची निगा राखली नाही, कुणाची नजर लागली, घरात काही अमंगळ आहे, असे अर्थ त्याला आपोआप चिकटतात. अशा वेळी माणूस करतो तेच तो करतो. कुणाला न सांगता गाय बाजारात नेतो. ती दिसायला ठणठणीत असते, गिऱ्हाईक मिळतं आणि रोग दुसऱ्या तालुक्यात पोचतो.

याला बेजबाबदारपणा म्हणणं सोपं आहे. २००९ च्या कायद्यात अनुसूचित रोगाचा संशय आला तर कळवणं मालकावर बंधनकारकही आहे. पण कळवल्याने ज्याचं फक्त नुकसान होतं आणि लपवल्याने ज्याचं नाव शाबूत राहतं, त्याला कायदा वाचून दाखवून किती उपयोग होणार?

रोग नेहमी बाहेरूनच येतो

स्वतःला चांगला शेतकरी मानणाऱ्याची आणखी एक अडचण असते. मी सगळं नीट करतो, तरी माझ्या गोठ्यात रोग आला. म्हणजे तो कुणीतरी बाहेरून आणला. आपल्याकडे पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत, त्यामागेही हीच कल्पना होती. इंग्लंडमध्ये ती बिज्जू (बॅजर) या रानटी प्राण्याच्या बोकांडी बसली आहे.

तिथे गाईंमधला क्षयरोग गेली अनेक दशकं ठाण मांडून आहे. पशुवैद्यक मानेच्या कातडीत दोन ठिकाणी इंजेक्शन देतो, तीन दिवसांनी येऊन सूज मोजतो. गाय बाधित ठरली तर ती जाते आणि कळपावर बंधनं येतात. मग साठ-साठ दिवसांच्या अंतराने चाचण्या. हा रोग बिज्जूंमध्येही असतो आणि त्यांच्याकडून गाईंना होतो, हे खरं आहे. पण तो गाईकडून गाईला आणि खरेदी-विक्रीतूनही पसरतो. २०१३ पासून बिज्जू मारण्याची मोहीम सुरू झाली. २०१८ मध्ये चार्ल्स गॉडफ्रे यांच्या समितीने सरकारला स्पष्ट सांगितलं की वन्यप्राण्यांवर नको इतका भर दिला जातोय, आणि गोठ्यातली स्वच्छता व जोखमीच्या जनावरांचा व्यापार या स्वतःच्या हातातल्या गोष्टींकडे दुर्लक्ष होतंय. बिज्जूवर बोट ठेवलं की आपण चांगले शेतकरी राहतो. कुंपण नीट करायला लागलो, खरेदी थांबवली, तर आतापर्यंत चुकत होतो असं कबूल केल्यासारखं होतं.

त्याच देशात २००१ साली लाळ्या-खुरकूत आली. २० फेब्रुवारीला निदान पक्कं झालं आणि पुढच्या काही महिन्यांत ६० लाखांहून जास्त जनावरं मारली गेली, त्यात निरोगी जनावरंही होती, केवळ शेजारच्या शेतात रोग निघाला म्हणून. लष्कर बोलवावं लागलं. सार्वत्रिक निवडणूक मेवरून जूनमध्ये ढकलली गेली. सगळ्यात जास्त झळ उत्तरेतल्या कम्ब्रिया परगण्याला. तिथल्या उघड्या डोंगरांवर हर्डविक जातीच्या मेंढ्या असतात. कुंपण नाही, तरी प्रत्येक कळप आपल्याच टप्प्यात चरतो, कारण हद्द आई कोकराला शिकवते आणि ते ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या कळपातच राहतं. असा कळप मारला की भरपाईत मेंढ्या विकत घेता येतात, पण त्या मेंढ्यांना डोंगर माहीत नसतो. भरपाई देणाऱ्यांच्या तक्त्यात या गोष्टीला रकाना नव्हता.

नंतर जे झालं ते तर जास्त बोलकं. रिकाम्या गोठ्याचा माणूस स्वतःला शेतकरी म्हणवू शकत नव्हता, त्यामुळे कळप पुन्हा भरायची घाई झाली. साथीच्या काळात क्षयाच्या चाचण्या थांबल्या होत्या. न तपासलेली जनावरं नव्या भागांत गेली आणि त्यांच्याबरोबर क्षयही गेला. एका रोगाचा नायनाट करताना दुसऱ्याला वाट मिळाली.

न्यूझीलंडने क्षयाच्या बाबतीत दुसरी वाट धरली. तिथेही रोग पसरवणारा रानटी प्राणी आहे, पॉसम. पण कार्यक्रमाचा पैसा मोठ्या प्रमाणात शेतकऱ्यांच्याच वर्गणीतून येतो, कारभारातही ते असतात, आणि प्रत्येक कळपाला किती वर्षं रोगमुक्त आहे त्याचा दर्जा मिळतो, जास्तीत जास्त दहा वर्षांचा. जनावर विकताना तो दर्जा सांगावा लागतो. दहा वर्षं स्वच्छ, हे तिथे मिरवायचं बिरुद झालं. नव्वदच्या दशकाच्या मध्यात सुमारे १,७०० बाधित कळप होते, ते आता काही डझनांवर आले. देश बेटांचा, व्यवहार मोठ्या शेतांचा, आपल्याशी तुलना फार ताणू नये. पण गंमत अशी की ब्रिटिश आणि न्यूझीलंडचा शेतकरी सारखाच मानी आहे. एकाचा मान लपवण्यात खर्ची पडतो, दुसऱ्याचा दाखवण्यात.

शेतकरी म्हणजे नक्की कोण

शिबिराचं निमंत्रण जातं ते सातबाऱ्यावरच्या नावाला. खुर्च्यांवर पुरुष बसतात. धार काढणं, शेण काढणं, वासरू पाजणं, आजाऱ्याला पाणी दाखवणं हे मात्र घरातल्या बाईचं. जनावर चारा सोडायला लागलं हे तिला आदल्या संध्याकाळीच कळलेलं असतं. डॉक्टर आल्यावर बोलतात मालक, आणि डॉक्टरही त्यांनाच विचारतात. "वहिनी, तुम्हाला कधीपासून वाटतंय?" एवढा एक प्रश्न विचारणारे पशुवैद्यक आहेत, त्यांना रोग लवकर सापडतो. शेळ्यांच्या बाबतीत पशुसखींनी हे बदलायला सुरुवात केली. गावातलीच बाई शेळीला जंताचं औषध देते, लसीची आठवण करते. शेळी बाईची, सांगणारीही बाई, तिथे मोठेपणा आड येत नाही.

मेंढपाळांचं तर गणितच वेगळं. लसीकरणाचं वेळापत्रक गाव धरून चालतं आणि धनगरांचा वाडा, म्हणजे कुटुंबं आणि कळपांचा फिरता तळ, वर्षातला बराच काळ गावात नसतोच. मग "मेंढपाळ सहकार्य करत नाहीत" असा शेरा बसतो. अख्ख्या कळपाला रोज न मोजता नजरेने मोजणारा, लंगडणारी मेंढी शंभरातून हेरणारा माणूस रोगाबाबत बेफिकीर असेल, हे मला तरी पटत नाही.

सगळं खापर मानसिकतेवर फोडणं कार्यालयांना सोयीचं असतं, हेही इथेच सांगायला हवं. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. शीतपेटीतला बर्फ वाटेत विरघळला तर टोचलेलं पाणीच. मग लस घेऊनही लाळ येते आणि पुढच्या फेरीला तात्या म्हणतात, "मागच्या खेपेला काय झालं?" दवाखान्यात डॉक्टरचं पद रिकामं, एकाकडे तीन गावांऐवजी पंधरा. अशा ठिकाणी नकार हा मानाचा नसून अनुभवाचा असतो. दोन्हींत फरक करता यायला हवा.

बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथीचा रोग गेला, तो अशाच सगळ्या अडचणींतून. पुण्यात १८८९ मध्ये जी सरकारी प्रयोगशाळा निघाली आणि पुढे मुक्तेश्वरला जाऊन आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली, तिच्यामागे हा रोग होता. भारतातली शेवटची नोंद १९९५ची, देश मुक्त जाहीर झाला २००६ मध्ये आणि जग २०११ मध्ये. माणसाच्या देवीनंतर संपूर्ण उच्चाटन झालेला हा दुसराच रोग. पण बुळकांडीत लपवायला काही नव्हतंच, गावच्या गावं ओस पडायची. आता उरलेत ते मुख्यतः लपून बसणारे किंवा हळूहळू खाणारे रोग.

बिल्ल्याचंच बघा. जानेवारी २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान जाहीर झालं आणि त्यासाठी जनावराची बिल्ल्यासह ऑनलाइन नोंद लागत होती. दुधाच्या गोठ्यांत बिल्ल्यांसाठी एकच धावपळ उडाली. खिल्लार खोंडाला त्याचं काय? तो दूध देत नाही. त्याच्यावर हा उपाय लागू पडतो तो दुसऱ्या बाजूने. शर्यतीत बैल उतरवायचा तर पशुवैद्यकाचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो. लम्पीनंतर बाजार आणि शर्यती हळूहळू उघडल्या, तेव्हा लस आणि बिल्ला असलेल्याच जनावरांना परवानगी होती. त्या वेळी शर्यतीच्या घाटात आलेल्या बैलांच्या कानात पिवळे बिल्ले होते आणि कुणी त्यावरून कुणाला हिणवलं नाही, कारण सगळ्यांच्याच कानात होते. जत्रा कमिट्यांनी हा नियम साथ संपल्यावरही चालू ठेवावा, बक्षीस देताना लसीचा दाखला माइकवरून वाचून दाखवावा, असं सुचवून बघायला हरकत नाही. ब्रुसेलोसिसला मात्र अशी सोपी युक्ती नाही. बाधित गाईचं काय करायचं, तिला कुठे ठेवायचं, मालकाला काय द्यायचं, याचं उत्तर सरकारकडून येईपर्यंत तात्या आपली गाय अंधारातच बाजारात नेणार.